उपरण्याखालचा हात

चाकणच्या बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा हातात हात देत, वर उपरणं टाकत आणि आत बोटं दाबून बोलणी चालत. भोवती उभ्या असलेल्यांना फक्त दोन चेहरे दिसत. मी दलालीत वर आलो तो या दहा बोटांच्या आणि न हलणाऱ्या चेहऱ्याच्या जोरावर, कोणाच्या उपकारावर नाही.

थोरला भाऊ पलटणीतून परत आला तो जवळजवळ मुका होऊन. कामाशिवाय शब्द नाही. जनावरांची पारख मात्र त्याला माझ्याहून जास्त होती, म्हणून मी त्याला माझ्याबरोबर दावणीवर उभा केला. बोलल्यावाचून चालणारा हा एकच धंदा होता. तोही गेला, तर दादा भोसरीच्या घरात कोपरा धरून बसेल आणि पुन्हा उठणार नाही, ही भीती मला रोज असे.

त्या हिवाळ्यात बाजारतळाच्या कडेला सिनेमाचा तंबू लागला. कर्णेवाला बैलगाडीवर उभा राहून ओरडत फिरत होता, "लढाईचा खेळ! काडीमोल कारकुनाचा झाला वज्रदेही! एकटा पलटणीला भारी!"

मी म्हटलं, "दादा, चल. बगू तरी."

"लढाई बगायला तिकीट काढतोस व्हय?"

"न्हाई आलास तर बाजार म्हनंल, पलटणवाला घाबरला."

हे मी बोललो. दादा उठला आणि खांद्यावर घोंगडी टाकून माझ्यामागून आला.

खेळ दिवेलागणीनंतर सुरू झाला. पडद्यावर एक हडकुळा कारकून होता. छातीचं माप कमी भरलं म्हणून भरतीतून हाकललेला. लोक हसून हसून लोळत होते. मग एक चष्मेवाला डॉक्टर त्याला तळघरात घेऊन गेला, लाकडी टेबलावर पट्ट्यांनी आवळून बांधला आणि हातभर लांबीची सुई त्याच्या मानेला लावली. यातून उठला की तो तोफा उचलून फेकणार, हे कर्णेवाल्याने दुपारीच सांगून टाकलं होतं.

सुई टोचली आणि नेमका तेव्हाच सिनेमाचा आवाज गेला.

पडद्यावर चित्र चालूच होतं. कारकुनाचा जबडा पूर्ण उघडलेला, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, डोळे बाहेर आलेले, आणि आवाज काहीच नाही. "ए मशीनवाल्या, झोपला का रं?" म्हणून लोक शिट्ट्या मारू लागले. घोंगडीखाली दादाने माझा हात पकडला. हातावरून माणूस ओळखणं हा माझा धंदा. तो हात गार पडला होता आणि उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या जनावराच्या बरगडीसारखा थडथडत होता. मला भीती वाटली. दादाची नव्हे, लोकांची.

"दादा, सोड. लोकं बगत्यात," म्हणत मी माझा हात ओढून घेतला.

तसा तो उठला. माणसं तुडवत पडद्याकडे निघाला, दोन्ही हात पुढे करून, कोणाचं तरी डोकं धरायला निघाल्यासारखा. "धरा! नीट धरा त्याला!" इतक्या वर्षांत त्याचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

तंबू खदखदून हसला. आमच्या मागेच पलीकडच्या दावणीचा दलाल बसला होता, मिशाळ, माझा जुना वैरी. तो ओरडला, "अरे पलटण, तिकीट बसायचं हाय, पडद्यात शिरायचं न्हाई!"

मी दादाला ओढत बाहेर काढला.

घरी परतताना मोशीजवळ नदी ओलांडली तेव्हा गाडीत मागून त्याचा आवाज आला. "आमच्याकडं खेचरं हुती. ब्रह्मदेशाच्या रानात. वरडली तर दुश्मनाला कळंल म्हनून डॉक्टर त्यांच्या गळ्यातला आवाज कापून काढायचा. मी डोकी धरायचो. मागनं ती तोंडं उघडायची, बग, आन् काय म्हनता काय यायचं न्हाई."

मी बैलांवरून नजर काढली नाही.

पुढच्या बाजारापर्यंत त्याच्या हाताची थरथर गेली नव्हती. चहाची कपबशी वाजायची. उपरण्याखाली हात थरथरला की समोरचा ओळखतो, आणि एकाने ओळखलं की दुपारपर्यंत बाजारभर होतं. मग त्या माणसाच्या हातात कोणी हात देत नाही. मी त्याला घरी राहा म्हणून सांगितलं. त्याने ऐकलं नाही.

दावणीवर उभे राहिलो तोच मिशाळ आला. मागे सात-आठ टवाळ.

"काय पलटण, हात देतोस का?"

मी काही म्हणायच्या आत दादाने हात पुढे केला आणि वर उपरणं पडलं.

मला फक्त ते उपरणं दिसत होतं. त्याची कड हलत होती. वाऱ्याने की कशाने, सांगता येत नव्हतं. दादाच्या कपाळावर घाम. मिशाळाच्या भुवया वर चढल्या. त्याने दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या हातात चाबूक होता. त्याच्या तोंडातून एक वाकडा शब्द निघाला असता, तर त्या दिवशी बाजारात रक्त सांडलं असतं.

एकदम मिशाळाने हात बाहेर काढला आणि झटकला.

"आयला! बोटं मोडतो का काय राव? ठरला सौदा, सोड!"

टवाळ हसले, पण दादाला नाही. पुढची कित्येक वर्षं दादा त्या दावणीवर उभा राहिला.

संध्याकाळी मी मिशाळाला चहाच्या पालात गाठलं. "खरं सांग, काय लागलं हाताला?"

तो बशीतला चहा फुंकत राहिला. "उपरण्याखालचं बाहेर सांगायचं न्हाई. एवढी रीत तुला म्हाईत न्हाई व्हय?" मग म्हणाला, "आन् तंबूत त्याला आणलं कुनी हुतं?"

तंबूतलं त्याचं ते ओरडणं मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण त्यानंतर त्याच्याशी बोलताना माझा आवाज कधी चढला नाही, आणि माझ्या या नरमाईचा राग मला जास्त आहे.