तिघींची मिळून एक खुर्ची

न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलच्या तळघरात मी लायब्ररी सांभाळते. त्याच ग्रुपच्या आणखी दोन हॉस्पिटलांत आणखी दोघी: एक रिटायरमेंटला टेकलेली अमेरिकन बाई, दुसरी आपली नागपूरची. ओळख मात्र ईमेल-फोनपुरतीच.

एका सकाळी मुलांच्या वॉर्डातली नर्स धावत आली. तिला एक जुना लेख तातडीने हवा होता. ते जर्नल मी काढून टाकलं होतं, नागपूरकरणीकडे आहे म्हणून. तिला फोन केला, तर तिनेही काढलेलं, बाईंकडे आहे म्हणून. आणि बाईंनी काढलं होतं, माझ्याकडे आहे म्हणून!

"काय यार, धन्य आहोत आपण!" नागपूरकरीण खो खो हसत सुटली. मला इकडे घाम फुटलेला. लेख शेवटी दुसऱ्या राज्यातून दुपारी आला.

त्याच आठवड्यात कळलं, की तीनपैकी दोन लायब्रऱ्या बंद होणार. ठरवणाऱ्या कमिटीत डॉक्टर, नर्स, अगदी कॅन्टीनचा मॅनेजरसुद्धा. लायब्ररीचं कुणीच नाही. माझं टाळकंच सरकलं! शनिवारी दोघींना ओक ट्री रोडवर डोसा खायला बोलावलं. तिथे जर्नलांची वाटणी झाली: मुलांचं मी ठेवायचं, हृदयाचं नागपूरकरणीने, कॅन्सरचं बाईंनी. आणि कमिटीत तिघींसाठी एक खुर्ची मागायची.

"तूच जा," नागपूरकरीण म्हणाली. "तुझ्या तोंडाला कोण लागणार?"

पुढचे कितीतरी शनिवार आमच्या गाड्यांच्या डिक्या जर्नलांनी भरलेल्या होत्या. भांडभांड भांडून खुर्चीही मिळवली.

मीटिंगमध्ये अध्यक्ष गोड हसून म्हणाले, "तुमची लायब्ररी ठेवतो. बाकीच्या दोन कॅन्सल."

माझी खोली वाचली! खोटं कशाला बोलू, क्षणभर जीव हरखला. मग त्या दोघी आठवल्या.

"माझ्याकडे हृदयाचं एक पान नाही," मी म्हटलं. "कॅन्सरचंही नाही. आणि आणून ठेवायचं म्हटलं, तर मुंगी शिरायला जागा नाही."

हार्टचे डॉक्टर एकदम ताठ बसले. ती नर्सही कमिटीत होती. तिने त्या सकाळची गोष्ट सगळ्यांना सांगितली. अध्यक्षांचं हसू मावळलं आणि लायब्रऱ्या बंद करायचा विषय तिथेच संपला.

पार्किंगमध्ये दोघी कुडकुडत उभ्या होत्या. मला बघताच बाईंनी विचारलं, "तुझी वाचली ना?"

"तिन्ही," मी म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं.