इनपनची पिवळी रेघ

लुंग इनपनला, म्हणजे इनपनकाकाला, गाडीखालच्या तेलाची जेवढी किळस होती, तेवढी खेडोपाडीच्या लोकांना गटाराचीही नसते. आणि चाळीस वर्षं पोट भरलं ते त्याच तेलावर. पुआ गावच्या बाजाराबाहेर, डोंगराकडे रस्ता वळतो तिथे त्याचं पत्र्याचं छप्पर. इंजिनाला तो हात लावत नसे. पिकअपच्या पोटाखाली दोन चाकांमध्ये दातेरी चक्रांचा लोखंडी गोळा असतो तो डिफरन्शियल, आणि मधोमध पुढच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी, ती ट्रान्सफर केस. या दोन्हींतलं जुनं तेल काढायचं आणि नवं भरायचं, एवढंच त्याचं काम. डोंगरातल्या निसरड्या चढावर चारही चाकं ओढली नाहीत तर माणूस दरीत जातो, त्यामुळे सगळ्या खोऱ्याचा जीव या दोन डब्यांत आणि डबे इनपनच्या ताब्यात.

बोल्ट सुटला की काळा रस थाळीत पडे. गंधकाचा, जळक्या केसांचा वास सुटे. इनपन दोन बोटांत तेल चोळी, नाकाशी नेई, आणि मग मालकाची सात पिढ्यांची उजळणी सुरू होई. कुणी आळशी, कुणी कंजूष, कुणी बायकोला दाबून ठेवून गाडीला सडवणारा. हे सगळं तो तेलावरून सांगे, आणि बऱ्याचदा खरं निघे, हीच पंचाईत. चारचौघांत सांगे हे आणखी वाईट. कोबीवाल्या मूनच्या थाळीत लोखंडाचे केस निघाले तेव्हा तो म्हणाला होता, "हे तेल नाही, तुझ्या आळसाची उलटी आहे." मून अजूनही हे हसत हसत सांगतो. शिव्या खाल्ल्याशिवाय तेल बदलल्यासारखं वाटत नाही, असं लोक म्हणत. तापलेली गाडी सरळ ओढ्यात घालून धुणारे तर त्याला बघवत नसत. गरम लोखंड एकदम थंड झालं की आतून पाणी ओढून घेतं, हे त्याने शंभर वेळा सांगितलं असेल. पण ओढ्यात गाडी धुणं ही इथली रीत, आणि रीतीपुढे कोण ऐकतो.

त्याचा नियम एकच होता. आधी वरचा बोल्ट, मग खालचा. तेल भरायचं भोक वर असतं. ते उघडलंच नाही आणि खालून तेल सोडून दिलं, तर गाडी कोरडी पडते, भरायला वाट उरत नाही. काम झालं की दोन्ही बोल्टांवरून तो ब्रशने रंगाची एक रेघ ओढी. एक वर्ष पिवळी, एक वर्ष लाल. रेघ तुटलेली नाही याचा अर्थ त्यानंतर कुणी पाना लावलेला नाही. इनपनची रेघ दिसली की लोक गाडी विकतानासुद्धा आणखी काही विचारत नसत.

एका शनिवारी दुआंगता बाई आपली पिकअप घेऊन आली. वरच्या शाळेत ती शिकवते, आणि पाड्यावरची पोरं रोज मागच्या हौद्यात घालून शाळेत नेते-आणते. गावचा फोलुआंग, म्हणजे तिथला पाटील, कान्था तिच्याबरोबर होता. तेल निघताना शिव्या ऐकायला मूनही आपला कोबी सोडून आला. कान्थाने सांगितलं की गुरुवारी उतारावर मागची चाकं क्षणभर जाम झाली. हौद्यात सात पोरं होती. गाडी आडवी घसरत नाल्याच्या काठाला टेकली, पोरं वाचली. आता पालक म्हणतात, बाईच्या गाडीत पोरं बसवायची नाहीत.

"तेल बघून तुम्ही सांगा, लुंग," कान्था म्हणाला. "गाडीची चूक असेल तर गाडी दुरुस्त करू. बाईचा हलगर्जीपणा असेल तर सोमवारपासून पोरं दुसऱ्या गाडीने जातील. बाई म्हणतात, तेल मागच्या वर्षी तुमच्याकडेच बदललं."

"माझ्याकडे?" इनपन गाडीखाली सरकत म्हणाला. "मी बदललं असतं तर चाकं जाम झाली असती?"

बाईने मान खाली घातली.

मागच्या गोळ्याचा वरचा बोल्ट चिखलाने माखलेला होता आणि हलेचना. इनपनने पान्याला लांब नळी लावली, दोन्ही पाय टेकून जोर केला, तेव्हा तो करकरत सुटला. मग खालचा काढला. थाळीत जे पडलं ते बघून त्याने तोंड फिरवलं. वरती नासलेल्या दुधासारखी साय, खाली काळा चिकट गाळ, आणि त्यात चमचमणारा लोखंडाचा कीस. वास असा की मूनने नाक दाबलं.

मग इनपन सुटला. सात-आठ वर्षं या गाडीला कुणी हात लावलेला नाही, म्हणाला. बाईला वह्या तपासायला वेळ आहे, ज्यावर सात जीव बसतात ते बघायला नाही. ओढ्यात अंघोळ घालते ती वेगळीच. "माझं नाव घेऊन खोटं बोलायलाही लाज वाटली नाही," तो म्हणाला. "मला तुमच्या तेलाची नाही, तुमची शिसारी येते." बाईने नुसते हात जोडले. कान्था उसासा टाकून उठायला लागला.

इनपन ट्रान्सफर केसकडे वळला. वरच्या बोल्टावरचा चिखल फडक्याने पुसला आणि थबकला. बोल्टावरून पेटीपर्यंत सलग पिवळी रेघ होती. मागच्या वर्षाची. त्याच्याच हातची, शेवटी जरा डावीकडे वळलेली. त्याने थाळीतून आधी काढलेला बोल्ट उचलला, पुसला. त्याच्यावरही पिवळा रंग होता, आणि तो सरळ गंजावर बसला होता. आजचा सोडला तर पान्याचा जुना एक ओरखडाही नव्हता.

मग त्याला आठवलं. होड्यांच्या शर्यतीचा दिवस. पुतण्याची होडी अंतिम फेरीत होती, नदीकडून ढोल ऐकू येत होते. मागच्या गोळ्याचा बोल्ट हलेना. वरचा उघडत नाही तर खालचा सोडायचा नाही, नियम तर पाळला. नंतर बघू म्हणून पेटीही न उघडता सगळ्या बोल्टांवर रेघ तेवढी ओढली आणि नदीवर पळाला. नंतर कसलं काय. सगळ्या खोऱ्याची घाण हुंगणाऱ्या नाकाला स्वतःची घाण कळली नव्हती. तो गाडीखाली पडून राहिला. आता गप्प बसलं तरी चालणार होतं. सगळे बाईलाच दोष देऊन मोकळे झाले होते. तो विचार डोक्यात आला याचीच त्याला सगळ्यात जास्त घाण वाटली.

तो बाहेर आला आणि उभा राहिला.

"हे माझं पाप आहे," तो म्हणाला. "बाई खरं बोलत होत्या. मी बोल्ट उघडलाच नाही. नुसती रेघ ओढली."

मग कान्था हसला. तुच्छतेने नाही, मायेने हसला.

"लुंग, तुमच्यात असं मन असेल असं वाटलं नव्हतं. बाईंची लाज राखताय."

"लाज कसली राखतोय? हा बोल्ट बघ. गंजावर रंग आहे."

"रंग कुठेही लागतो हो."

"म्हातारा विरघळला," मून म्हणाला. "आमच्या वेळेला नाही असा विरघळला."

इनपन ओरडला, शपथा घातल्या, स्वतःला खोटारडा म्हणाला. तो जितका चिडला तितके ते दोघे समजूतदार होत गेले. कान्थाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पुण्य लागेल म्हणाला, आणि निर्णय सांगून टाकला. सोमवारपासून पोरं मूनच्या कोबीच्या गाडीतून जातील. मूनच्या गाडीच्या पोटात काय आहे ते इनपनला ठाऊक होतं. तेही त्याने सांगितलं. कान्थाने मान डोलावली, आणि दोघे कोबीच्या गाडीत बसून निघून गेले.

बाई थांबली होती. इनपनने नवं तेल भरलं, वरच्या भोकातून थेंब ओघळेपर्यंत. ट्रान्सफर केसचंही बदललं. एक शिवी तोंडातून निघाली नाही. बेअरिंग बदलेपर्यंत गाडी रिकामीच चालवा, एवढं तो म्हणाला. मग न राहवून विचारलं, मी इतकं बोलत होतो तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात?

"कान्थाला सांगितलं होतं ना, तेल तुमच्याकडेच बदललं म्हणून. तुमचं नाव ऐकून तो हसला. मग तुमच्यापुढे माझं कोण ऐकणार?" बाई म्हणाली. तिने किल्ली हातात घेतली. "त्या दिवशी मी गाडी न्यायला आले तेव्हा तुमचे हात स्वच्छ होते, लुंग. नखंसुद्धा. मला दिसलं होतं. पण रेघ होती. मी म्हटलं, माझेच डोळे चुकले असतील."

तिने एक शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने हात जोडले आणि गाडी सुरू केली.