उम्म खमीसच्या गुहेतले पाणी

१९६४ सालच्या जानेवारीतला दुसरा शुक्रवार. गाडीभाड्यासाठी जमा रक्कम साठ रुपये, तीस माझे आणि तीस सबनिसांचे. (आखातात तेव्हा रुपयाच चालत असे, फक्त नोटांचा रंग आपल्याहून वेगळा.) हजर तिघे: मी, म्हणजे एका व्यापारी पेढीत हिशेब लिहिणारा रत्नागिरीकडचा परकार, तेल कंपनीत नकाशे काढणारे सबनीस, आणि लँडरोव्हरचा मालक सालेम. सालेम पूर्वी गलबतावर खलाशी होता, मुंबई त्याने सात वेळा पाहिली होती आणि हिंदी तिथेच शिकला होता.

पूर्वेकडच्या डोंगरात काळ्या दगडाच्या गुहा आहेत आणि पायथ्याच्या माळावर हरणे चरतात, असे सालेम वर्षभर सांगत होता. फजरची (पहाटेची) नमाज पढून आम्ही आमचे राहते गाव देरा सोडले. शारजापर्यंत जमीन घट्ट होती. पुढे वाळू लागली. दोनदा चाके रुतली, दोनदा उतरून गाडी ढकलली. त्या खटाटोपात रेडिएटर तापला आणि मागच्या डब्यातले सगळे पाणी त्यानेच पिऊन टाकले.

"यल्ला, फिकर नहीं," सालेम म्हणाला. "पहाड में पानी है."

धैदच्या खजुरीच्या बागा मागे पडल्या आणि माळ सुरू झाला. आठवड्यापूर्वी पाऊस पडून गेला होता. खड्यांतून वीतभर गवत वर आले होते आणि लांब लांब अंतरावर समर (आपल्या बाभळीच्या जातीचे, छत्रीसारखे झाड) उभी होती. एक कोल्हा आडवा गेला. शेपटीवर काटे असलेली हातभर लांब धब (इकडची घोरपड) आम्हाला पाहून बिळात घुसली. हरीण मात्र एकही नाही.

"परकारसाहेब, तुमचे तीस रुपये पाण्यात गेले," सबनीस म्हणाले.

"पाणी आहे कुठे जायला?" मी म्हटले. तेव्हा दोघेही हसलो.

दुपारी बाराच्या सुमारास एका वादीत (कोरड्या नदीच्या पात्रात) गाडी थांबली. वर चढून गेलो तर काळ्याभोर खडकात तीन गुहा. सबनिसांनी दगड हातात घेऊन सांगितले की हा एके काळी वितळलेला रस होता, पृथ्वीच्या पोटातून आलेला. मला तो आमच्या घाटातल्या कातळासारखा दिसला आणि उगाच घरची आठवण झाली. पहिल्या दोन गुहा रिकाम्या, आत वटवाघळांचा वास. तिसरीत मात्र गुंडाळलेली चटई, चुलीचे तीन दगड, एक पिशवी आणि लाकडी झाकणाचा लहान रांजण होता. माणूस कोणी नाही. सालेमने सांगितले की इकडचे लोक सामान असेच ठेवून शेळ्यांमागे जातात. कोणी हात लावत नाही. वाटसरूला तहान लागली तर त्याने प्यावे. एवढे सांगून तो गाडी बघायला खाली उतरला.

जुहरची (दुपारच्या नमाजची) वेळ झाली होती. मी रांजणाचे झाकण काढले. आत सात-आठ तांबे पाणी असेल. सालेम "प्यावे" म्हणाला होता, हे मी ऐकले होते. पण आमच्याकडे मशिदीच्या हौदावर बसून वजू (नमाजाआधी हातपाय धुणे) करायची सवय. तीनदा हात, तीनदा चूळ, तीनदा तोंड, तीनदा पाय. हिशेबात मी आणा सोडत नाही, तसा वजूतही काही सोडत नाही. पायाला वादीची धूळ होती, ती चोळून धुतली. रुमालही धुऊन पिळून घेतला. रांजण दगडावर कलता ठेवून मी किबला (काब्याची दिशा) कुठे ते पाहू लागलो.

तेवढ्यात बाहेरून सबनीस ओरडले, "परकार! धावा! हरणं!"

मी धावलो. खाली माळावर समरच्या सावलीत धबी (इकडची लहान हरणे) उभी होती. मी मोजली. सात. एकाने मान वर केली, शिंगे काळ्या सळईसारखी दिसली, आणि पुढच्या क्षणी सगळी उडत गेल्यासारखी निघून गेली. जवळून दिसतील म्हणून आम्ही कड्याकडेने बरेच लांब गेलो. तासभर सहज मोडला.

परत आलो तेव्हा गुहेत चूल पेटलेली होती. नाकावर मुखवट्यासारखा कडक बुरखा बांधलेली एक म्हातारी आणि शेजारी सालेम, मान खाली घालून. तिचे नाव उम्म खमीस (खमीसची आई). डोंगरावरून तिला गाडी दिसली, पाहुणे आले म्हणून ती शेळ्या सोडून कॉफी करायला उतरली होती. दल्ला (कॉफीची किटली) हातात होता. रांजण आडवा पडला होता. मी कलता ठेवला तो घसरला आणि उरलेले तांब्याभर पाणीही सांडले होते.

"ये पानी किसने गिराया?" सालेमने विचारले.

मी सांगितले. त्याने तिला सांगितले. ती रागावली असती तर बरे झाले असते. सबनिसांनी थर्मासमधला चहा पुढे केला, तिने मान हलवली. तिच्या घरी तिने पाहुण्याचा चहा कसा प्यावा? मी पाच रुपये काढले.

"रखो जेब में," सालेम हळूच म्हणाला. "पानी का पैसा यहाँ गाली है."

मग म्हातारीने माझ्याकडे पाहून एकच शब्द विचारला. "सल्लैत?" नमाज पढलास?

हा शब्द कळायला सालेम लागला नाही. मी "नाही" म्हटले. तिचे दोन दिवसांचे पाणी मी देवाच्या नावाने घेतले आणि हरणे मोजायला पळालो.

ती काहीतरी बोलली. सालेमने सांगितले, "बोलती है, वजू अभी टूटा नहीं है ना? तो पढ लो. पानी बेकार मत जाने दो."

मी पढलो. काय पढलो ते सांगता येणार नाही.

नंतर मी तिची मशक (पाण्याची कातडी पिशवी) मागितली. झरा वादीच्या वरच्या अंगाला, जायला पाऊण तास. सालेम म्हणाला मी जातो, पण मी ऐकले नाही, म्हणून तो वाट दाखवायला आला. कोकणात विहिरीतून हंडे उपसलेला मी माणूस, पण भरलेली मशक पाठीवर घेऊन त्या दगडांवरून चालणे वेगळे. मशकेचे तोंड मी नीट बांधले नव्हते. पाठ भिजली तेव्हा कळले. गुहेत पोचलो तेव्हा मशक अर्धीच होती. ही वाट ती दर दोन दिवसांनी चालते, असे सालेमने परतताना सांगितले. तिच्या हातून किती सांडते ते विचारायचे मला धैर्य झाले नाही.

रात्री देऱ्याला आलो. सकाळी गाढवावरून पाण्याचे डबे आले, तेव्हा मी एक तांब्या वेगळा भरून ठेवला आणि त्यातच वजू केला. अर्धा उरला. इतक्या पाण्यात होते, हे लहानपणी मदरशात शिकवले होते. विसरलो होतो, कारण आमच्याकडे पाऊस आहे.

त्या शुक्रवारचा हिशेब असा: सालेमला ठरलेले साठ रुपये दिले. उम्म खमीसला अर्धी मशक पाणी पोचले. त्यातून तिने लगेच दल्ला भरला आणि आम्हा तिघांना कॉफी पाजली. स्वतः घेतली नाही.