पुनवेची ओहोटी

माझी बायको मोरा बंदरावरची, कोळ्याची मुलगी. मी घाटावरचा. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, त्याला आता तिसरं वर्ष. आठवड्यातून तीनदा मी तिला कोपरखैरण्याच्या घरातून डायलिसिसला नेतो. घरी परतलं की ती पलंगावर पडते आणि म्हणते, "ओहोटी लागली. मना उठवू नका."

त्या थकव्याला तिनं दिलेलं हे नाव. आता मीही तेच म्हणतो. डोळे मिटलेले असतात, पण झोप नसते. पेला जड होतो, बोलणं अर्ध्यावर सुटतं. मशीन कधी दीड किलो पाणी काढतं, कधी तीन. कमी काढलं तर थकवा कमी, असं गणित मी बरेच महिने मांडून पाहिलं. जुळत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जरा माणसात येते, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मशीन.

मला तिच्या संध्याकाळी हव्या असतात. पूर्वी मी तुर्भ्याहून कामावरून आलो की चपला काढायच्या आत ती सुरू व्हायची. बोंबीलवालीनं किती मागितले, तिनं कितीला आणले, सोसायटीत कोण कोणाशी भांडलं. आता दार उघडलं की पंखा ऐकू येतो.

यंदा नारळी पौर्णिमा नेमकी डायलिसिसच्या दिवशी आली. आदल्या किंवा पुढच्या दिवशी मशीन रिकामं नव्हतं. आजारपणात दोन वर्षं तिचा माहेरचा नारळ चुकला होता. हाही चुकणार म्हणून ती बोलेनाशी झाली. मी मेव्हण्याला फोन केला.

"पौर्णिमेला संध्याकाळी ओहोटी असणार. आमचं येणं जमत नाही."

"पुनवेला सांजचे ओहोटीच असते, भावोजी. दर वर्साला. म्हनून नारल थांबतो काय?"

तो समुद्राचं बोलत होता. मी तिचं सांगितलं. तो म्हणाला, "मंग झोपवून आना. खाट हाय."

मशीनवरून उठवून तिला थेट मोऱ्याला नेलं. वाजंत्री येईपर्यंत ती खाटेवर पडून होती. मग मेव्हण्यानं जेट्टीवर खुर्ची मांडली. सोनेरी कागदातला नारळ तिच्या मांडीवर होता, पण हात वर जाईना.

"तुमी टाका."

मी टाकला. पाणी मागे गेलेलं. नारळ चिखलात रुतला.

"अवो, दर्याचा नारल चिखलाला चारता काय? घाटावरचा मानूस!" ती म्हणाली.

जेट्टीवरच्या सगळ्या बायका हसल्या, सर्वांत जास्त ती. मेव्हणा मांडीभर चिखलात उतरून नारळ पाण्यात सोडून आला. आणि ती बोलायला लागली. बापाची होडी, आईची भांडणं, एका वर्षी भरतीबरोबर परत आलेला नारळ. मी हूं हूं करत राहिलो. तिचा आवाज बसत चालला होता, तरी मी तिला थांब म्हटलं नाही.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "त्या परत आलेल्या नारळाचं मग काय केलं?"

ओहोटी लागली होती; तिची मान खिडकीकडे कललेली. सीटबेल्टचा पट्टा डायलिसिसच्या सुया टोचलेल्या हातावर येत होता. तो सरकवला, आणि ती काही म्हणेल म्हणून थोडा वेळ गाडी सुरूच केली नाही.