चौथं प्रकरण कुणी वाचलं?

आमच्या संशोधन विभागातल्या हेडक्लार्कला सगळे ‘भिंग’ म्हणायचे. बायकोने न मागता दुसरा चहा पुढे केला, तर हा गृहस्थ कपाला हात लावायच्या आधी विचारणार, "माहेरचं कोण येतंय?" आणि गंमत म्हणजे कुणीतरी येत असायचंच.

पीएचडी करणाऱ्या मुलांचे सहामाही अहवाल त्याच्या टेबलावरून जात. मार्गदर्शक आणि सल्लागार समितीचे तिघे शेरे मारणार, सह्या करणार, मग तो फाइलला लागणार. भिंगाला विषय एकही कळत नसे, पण शेरे तोंडपाठ. रसायनवाले सर चुकलेला स्वल्पविरामही सोडत नाहीत, मातीवाल्या बाई समासात प्रश्नचिन्हं पेरत जातात, डॉक्टरसाहेबांचं अक्षर औषधाच्या दुकानाबाहेर कुणाला लागत नाही.

विहिरींच्या पाण्यावर काम करणारी एक मुलगी होती. चार वर्षांचं काम, वर्षभरात प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जायचा. तिथे नापास झाला की चारही वर्षं पाण्यात. तिच्या अहवालात पहिली तीन प्रकरणं लाल-निळी झालेली, पाचव्यावरही मार्गदर्शकांच्या रेघा. चौथं मात्र धुतल्या तांदळासारखं. तेही लागोपाठ तीन अहवालांत.

"पोरी, चौथ्यावर एक रेघ नाही."

"चांगलं झालं असेल, काका."

"एवढं चांगलं इथे काहीच होत नाही."

विभागात कुजबुज होतीच, की ही मार्गदर्शकांची लांबची भाची. (ही बातमी कुणी सोडली ते मला विचारू नका.) भिंगाने तिचा अर्ज उकरला, आईचं माहेरचं आडनाव शोधलं. नातं काही सापडलं नाही. मग त्याला वाटलं, सह्या झाल्यावर ही चौथं प्रकरण मागाहून घुसवते. पुढचा अहवाल आल्या आल्या त्याने पानापानावर शिक्का मारून ठेवला. महिन्याने अहवाल परत आला, शिक्के सगळे जागच्या जागी आणि चौथं तसंच कोरं.

म्हणजे पोरगी सरळ होती. संशयाला नवीन गिऱ्हाईक हवं होतं.

शेवटच्या बैठकीत सहीच्या कागदावर एक जादा रकाना होता: ‘आपण वाचलेली प्रकरणे’.

"हे काय नवीन?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"वरून आलंय, साहेब," भिंग म्हणाला.

वरून म्हणजे कुठून, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. रसायनवाल्यांनी ‘पहिलं’ लिहिलं, मातीवाल्या बाईंनी ‘दुसरं’, डॉक्टरसाहेबांनी ‘तिसरं’. मार्गदर्शकांनी ‘पाचवं’ लिहिलं आणि पेन हवेतच राहिलं. चौथं कुणीच लिहिलं नव्हतं, आणि ते प्रकरण आकडेमोडीचं.

"आकडे तुम्ही बघता ना, बाई?"

"मी? मला वाटलं डॉक्टर बघतात."

"मी तर सर बघतात म्हणून निर्धास्त होतो."

मुलगी कोपऱ्यातल्या खुर्चीत पांढरीफटक. त्या दुपारी चौघांनी मिळून ते प्रकरण वाचलं. चाळीस विहिरींची उन्हाळ्यातली मोजमापं त्यात दोनदा धरली होती. निष्कर्षच कोसळला. प्रबंध सहा महिने पुढे गेला.

व्हरांड्यात तिने भिंगाला गाठलं. "काका, तुम्ही गप्प बसला असतात तर?"

"तर परीक्षक बोलला असता."

ती तडक निघून गेली. पुढे तीन महिने तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. इकडे भिंगाची झोप उडाली. त्या रकान्याला ना कुणाचा आदेश होता ना परवानगी, आणि पोरगी तक्रार करणार याची त्याला खात्री. त्याने त्या रकान्याचे उरलेले कोरे फॉर्म कुलपात टाकले आणि किल्ली घरी नेली. बायकोला वाटलं, आता काय लपवतोय हा? संशय घरात दोन्हीकडून सुरू झाला.

मग एका सकाळी ती आली. नव्याने लिहिलेलं चौथं प्रकरण तिने त्याच्यापुढे ठेवलं.

"सह्यांना जायच्या आधी तुम्ही वाचा."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"जिथे कळेनासं होईल तिथे खूण करा. समितीला नंतर देते. आता दर महिन्याला देणार आहे, चौघांनाही."

भिंगाने तिला नखशिखांत न्याहाळलं. "खरं सांग, माझी परीक्षा घ्यायला कुणी पाठवलंय?"

"कुणी नाही, काका."

"बघू." त्याने पेन्सिल उचलली. पहिली खूण दुसऱ्याच ओळीवर पडली, आणि ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.