सतरा नंबरचं ताट

एम. ए. झाल्यावर मला पहिलं काम मिळालं ते दुसऱ्यांचं जेवण तोलायचं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. घरी वडिलांना वाटायचं की मुलगी कॉलेजात शिकवायला लागणार. मी मात्र रोज सकाळी खांद्याला पिशवी, पिशवीत तराजू आणि वजनं घेऊन एसटी स्टँडवर उभी. वडगावच्या गाडीतला कंडक्टर मला भाजीवाली समजायचा आणि पिशवी टपावर टाका म्हणायचा. त्याच्याशी मी रोज भांडायचे.

काम निघालं ते तीन तज्ज्ञांच्या वादातून. पेठ वडगावच्या पलीकडच्या एका गावात बायकांच्या अंगात रक्त फार कमी आहे, हे एका डॉक्टरांनी तपासून काढलं होतं. का कमी, यावर तिघांची तीन मतं. डॉक्टर म्हणत, पोटात जातंच कमी. जीवशास्त्राचे प्राध्यापक म्हणत, जातं पुरेसं, पण आतले जंत पळवतात. आमचे सर समाजशास्त्राचे. ते दोघांकडे बघून हसत आणि म्हणत, आधी पोटात किती जातं ते कुणी मोजलंय का? कुणीच मोजलं नव्हतं. मग ते मोजायचं ठरलं, आणि सर त्यावर मला पीएचडीलाही घेणार होते.

वाद नुसता पुस्तकी नव्हता. गरोदर बायका आणि लहान मुलं यांना दूध पावडर, शेंगदाणे, गूळ असा जादा आहार देण्याची एक योजना जिल्ह्याच्या कचेरीत आली होती. त्या पट्ट्यात सुरुवातीला एकच गाव घ्यायचं होतं, आणि आमचा अहवाल पाहून ठरवू असं साहेबांनी सरांना सांगितलं होतं. अन्न कमी निघालं तर योजना या गावाला. पुरेसं निघालं तर शेजारच्या गावाला. सरांनी मला बजावलं, ‘योजनेबद्दल गावात अवाक्षर काढायचं नाही. कळलं की लोक कमी खाल्ल्याचं सोंग करतील.’ मला हे फार शहाणपणाचं वाटलं. माझं वय तेवीस होतं.

पद्धत अशी. आदल्या दिवशी घरी जाऊन सांगायचं, उद्या येते. दुसऱ्या दिवशी चूल पेटायच्या आत हजर व्हायचं. पीठ, डाळ, तेल, जे काही शिजणार ते कच्चं तोलायचं, मग माणसं मोजायची आणि भाग द्यायचा. आधी सांगणं भागच होतं, कारण न सांगता गेलं तर भाकऱ्या थापून झालेल्या असत. चाळीस घरं काढली होती, प्रत्येकाला नंबर. जीवशास्त्रवाल्यांनी जंतांच्या तपासणीसाठी त्याच घरांत पत्र्याच्या डब्या वाटल्या होत्या. कशासाठी ते ऐकून बायकांनी पदर तोंडाला लावला, आणि बऱ्याच डब्यांत पुढे मीठ-मिरची राहायला गेली.

माझ्याशी मात्र बायका मोकळेपणानं वागल्या. ‘या की बाई, बसा की,’ म्हणून पोतं अंथरायच्या. आणि काय सांगू, तोलायला काय काय पुढे यायचं! ज्वारीचं पीठ तर असेच, पण वर गव्हाचं, तूरडाळ, अंडी, आणि वाटीत काढलेलं चांगलं दोन चमचे रवाळ तूप. मी कोल्हापुरात वाढलेली, आमच्या घरी तूप सणाला. मी मनात म्हणायचे, डॉक्टर चुकले, हे लोक आपल्यापेक्षा बरं जेवतात. अंडी तोलून ठेवली की कुणीतरी ती लगेच उचलून आत न्यायचं, वाटीतलं तूपही जायचं. घाई असेल, असं मला वाटे. वही भरत होती आणि मी खूश होते.

सतरा नंबरचं घर गावाच्या टोकाला. घरात सासू, मुलगा आणि सून. मुलगा शिरोलीच्या फौंड्रीत, पहाटे सायकल मारत जायचा. सून माझ्याच वयाची, पाचवा महिना चाललेला. पहिलं मूल दीड महिन्याचं होऊन गेलं होतं. अख्ख्या गावात तिचं रक्त सगळ्यांत कमी होतं. डॉक्टरांनी त्यांच्या वहीत तिच्या नावाभोवती लाल गोल केला होता आणि मला म्हणाले होते, ‘ही अशीच राहिली तर मूलही जाईल आणि ही पण. तिच्या घरी गेलात की नीट बघा.’ मी बघेन म्हणाले.

मी वर्दी दिली तेव्हा सासू ओसरीवर नव्हती. ती बिद्रीला लेकीकडे बाळंतपणाला गेली होती. दुसऱ्या दिवशी गेले, तर सुनेनं परातीत ज्वारीचं पीठ काढून ठेवलं होतं, मूठभर मसूर, चार मिरच्या, एक कांदा. एवढंच. मी तोललं आणि वाट बघत बसले.

‘अजून?’

‘एवढंच हाय.’

‘तूप?’

‘न्हाय.’

‘दूध तरी? म्हैस आहे की तुमची.’

‘दूध डेअरीला जातंय. सांजचं बी.’

मी तिसऱ्यांदा विचारलं. ती हसली आणि म्हणाली, ‘बाई, असतं तर लपवून ठेवलं असतं व्हय? लिवा.’ मग तिनं नवऱ्याच्या डब्याचं वेगळं काढलं आणि राहिलं ते स्वतःच्या ताटात कसं पडतं, ते न विचारता दाखवलं. दीड भाकरी आणि पातळ आमटी. मी लिहिलं. खरं सांगायचं तर मला तिचा रागच आला होता. बाकीच्या बायका कशा भरभरून दाखवत होत्या आणि ही मूठभर मसुराच्या पुढे जायला तयार नाही. आळशी असेल, असंही मी ठरवून टाकलं.

पुढचे दोन महिने विभागात बसून आकडेमोड केली. हातानं फिरवायचं गणकयंत्र होतं, त्याचा खडखडाट शेजारच्या वर्गात जायचा आणि तिथले प्राध्यापक दार आपटायचे. सरांनी नियम शिकवला होता. सगळ्या घरांची सरासरी काढायची, आणि एखादं घर त्यापासून फारच लांब पडलं तर ती नोंद चुकीची धरून वगळायची. एका चुकलेल्या आकड्यानं सगळं बिघडता कामा नये. नियम शास्त्रशुद्ध आहे, आजही शिकवतात. चाळीस घरांत फार लांब पडलं ते एकच, सतरा नंबरचं. मी पट्टी ठेवली आणि लाल पेन्सिलीनं त्या ओळीवर रेघ मारली. सरांनी समासात सही केली. रक्ताची वही डॉक्टरांकडे दुसऱ्या इमारतीत होती, ताटांची माझ्याकडे. दोन्ही शेजारी ठेवून बघावं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही, आणि मला तो लाल गोलही आठवला नाही.

निष्कर्ष निघाला की अन्न पुरेसं आहे, दोष जंतांचा. जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी विभागात पेढे वाटले.

अहवालाच्या प्रती काढायच्या स्टेन्सिल कापून झाल्यावर मी गावात आभाराचं पत्र घेऊन गेले. एका म्हातारीनं चहा दिला आणि सहज विचारलं, ‘आमच्या तुपाचं काय लिवलासा?’ म्हटलं, सगळ्यांच्या घरी तूप आहे असं लिहिलं. त्याबरोबर ती आणि तिच्या दोघी सुना पोट धरून हसायला लागल्या.

‘सगळ्यांच्या घरी? अवो बाई, गावात तूप एकाच घरी हाय, त्या जैनाच्या. चार म्हशी हायती त्यांच्या. तुम्ही आज हिकडं म्हटलं की बरनी हिकडं, उद्या तिकडं म्हटलं की बरनी तिकडं. वाटीत काढायचं, तुमचं तोलून झालं की परत वतायचं. अंडी मुसलमान गल्लीतली. तीच अंडी सगळ्या गावात फिरली की!’

काठाचा टवका उडालेली चिनी मातीची बरणी माझ्या डोळ्यांसमोर आली. ती मी कितीतरी चुलींशेजारी बघितली होती. शहरातली शिकलेली मुलगी, पण एक बरणी ओळखता आली नाही. मी विचारलं, असं का केलंत? म्हातारीला प्रश्नच कळला नाही. ‘पावणं दारात येऊन ताट बघणार म्हटल्यावर काय रिकामं दावायचं व्हय? गावाची अब्रू हाय का न्हाय?’

मग सतरा नंबरच्या घरी बरणी का गेली नाही? त्याचंही उत्तर म्हातारीकडे होतं. तूप मागायला जायचं ते सासूनं. सासू बिद्रीला. कालची सून लोकांच्या दारात बरणी मागायला कशी जाणार? सासू परतली, तिला कळलं, तेव्हा तिनं सुनेला चार लोकांत बोल लावला, घराची अब्रू तागडीत घातलीस म्हणून.

मी थेट डॉक्टरांकडे गेले. दोन्ही वह्या टेबलावर मांडल्या. सगळ्यांत कमी रक्त सतरा नंबरात, सगळ्यांत लहान ताट सतरा नंबरात. डॉक्टर म्हणाले, ‘म्हणजे तुम्ही खरं तेवढं नेमकं खोडलंत.’ त्यांनी ड्रॉवरमधून लोहाच्या गोळ्या काढून पुड्या बांधल्या आणि तिच्याकडे पाठवून दिल्या.

सरांनीही शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणते. पण अनुदान संपलं होतं, ज्या ऊस हंगामात तोललं तो संपला होता, पुन्हा तोलायचं तर वर्षभर थांबायला हवं आणि कचेरीला अहवाल आठ दिवसांत हवा होता. ‘आपण लिहिणार तरी काय?’ ते म्हणाले. ‘गावानं आपला पाहुणचार केला म्हणून संशोधन रद्द?’ मग त्यांनी एक तळटीप घालू दिली, की आतिथ्यशीलतेमुळे काही नोंदींत फरक संभवतो. ती टीप मीच लिहिली, आणि बऱ्यापैकी सुबक लिहिली. कचेरीचा जिना चढून साहेबांना तोंडानं सांगता आलं असतं. कचेरी आमच्या विभागापासून सायकलवर वीस मिनिटांवर होती. मी गेले नाही. सरांना दुखवलं असतं तर माझी पीएचडी बुडाली असती. याची मला लाज वाटते. त्या वेळीही वाटत होती, पण पुरेशी नाही.

योजना शेजारच्या गावाला गेली. आमच्या गावाला मिळाल्या जंताच्या गोळ्या.

त्या वाटायला डॉक्टर पुन्हा निघाले तेव्हा मीही जीपमध्ये बसले. मला सतरा नंबर बघायचा होता. सून बाळंत होऊन महिना झाला होता. मूल जगलं होतं, पण दुपट्यात ते होतं की नाही असं वाटावं इतकं बारीक होतं, आणि रडायचं तेव्हा आवाज यायचा नाही, नुसतं तोंड उघडायचं. ती भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे. सासू चुलीपुढे, माझ्याकडे पाठ करून. शेजारच्या गावात पावडर येते आणि आपल्याकडे येत नाही, ते कशामुळे, हे एव्हाना गावभर झालं होतं. सासूनं मात्र खापर फोडलं होतं ते रिकामं ताट दाखवणाऱ्या सुनेवरच.

सून म्हणाली, ‘बाई, गावानं खोटं दावलं म्हणून मिळालं न्हाय म्हणत्यात. खरं हाय व्हय?’

मी होकारार्थी मान हलवली.

‘पर मी तर खरं दावलं हुतं. ते लिवलं न्हवतासा?’

‘लिहिलं होतं,’ मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पुढचं वाक्य जिभेवर होतं. पट्टी, लाल पेन्सिल, सरासरी, सगळं सांगायचं ठरवूनच मी आले होते. पण तेवढ्यात तिचा चेहरा उजळला. ती चुलीकडे वळून एवढ्या मोठ्यानं बोलली, की तिच्या अंगात तेवढा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं.

‘ऐकलासा, आत्ती? बाईंनी माझं खरं लिवलं हुतं. बाकीच्यांच्या खोट्यानं गेलं. माझ्यामुळं न्हाय.’

सासूनं मान वळवून आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. ती माझ्या होकाराची वाट बघत होती. मी ‘हो’ म्हणाले. मग सासू उठली, डेअरीच्या किटलीचं झाकण काढलं, पेलाभर दूध ओतून घेतलं आणि सुनेच्या पुढ्यात ठेवलं.