गच्चीवरचा सोलर कुकर

गॅससाठी नाव नोंदवून वर्षं झाली होती, पण नंबर काही लागत नव्हता. मीरा रोडच्या आमच्या दोन खोल्यांत आई रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक करायची. तिचं लहानपण मराठवाड्यात चुलीपुढे गेलेलं. खोकला तिथूनच सोबत आलेला. डॉक्टरांनी बाबांना स्पष्ट सांगितलं, "यांना धुरापासून लांब ठेवा."

एका रविवारी बाबा सोलर कुकर घेऊन आले. पत्र्याची पेटी, वर काच, झाकणाला आतून आरसा, आणि शिजवायला काळे डबे.

"उन्हात काय शिजतंय, डोंबल!" आई म्हणाली. तरी तिने गच्चीवर डाळ-तांदूळ लावले. दुपारी काच उचलून भाताचं शीत बोटांत दाबलं आणि लहान मुलीसारखी हसली. "अहो, शिजलाय की!"

त्या उन्हाळ्यात तिचा खोकला बराच उतरला. शेजारच्या गुजराती काकी आधी नुसती गंमत बघायच्या, मग स्वतःच डबा घेऊन वर आल्या. "भाभी, हमारी दाल भी रख दो ना." दोघी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसून बोलत राहायच्या. आईला इथे मिळालेली ती पहिली मैत्रीण.

मग पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर इमारत चढायला लागली. एकेक मजला वाढला तशी आमच्या गच्चीवर सावली पुढे सरकली. आई पेटी ओढत उन्हामागे फिरायची आणि धापा टाकत बसायची. डाळ कच्ची राहायला लागली. बाबा साइटवर बोलायला गेले. तिथला माणूस हसला, "अंकल, धूप का कागज है क्या आपके पास?" घरी येऊन बाबांनी एवढं सांगितलं आणि न जेवताच झोपले.

आई पुन्हा स्टोव्हकडे वळली. पुढे गॅस आला, तेव्हा तिला ओट्याशी उभंही राहवत नव्हतं. मी शेगडी पेटवायचे, ती आतून विचारायची, "ज्योत निळी आहे ना गं?" त्याच हिवाळ्यात ती गेली.

जवळच्या मुर्धा गावाहून आमच्याकडे मासे विकायला येणाऱ्या मावशी भेटायला आल्या. बाबांनी त्यांना विचारलं, "कुकर नेता का?"

"आमच्याकडं ऊन मोप हाय, दादा. नेते मी."

बाबांनी आरसा पुसला, डबे कागदात गुंडाळले, पेटी रिक्षात नीट बसवून दिली. रिक्षा वळून दिसेनाशी झाली, तरी ते फाटकाशीच उभे. मी जवळ जाऊन वर चला म्हटलं, तर मान न वळवता म्हणाले, "तू हो पुढे."